अकरा गावं इंदापूरला

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर नवा कागद लागला, तेव्हा बनाबाईला वाटलं, सुट्टीचाच असेल. एप्रिल संपत आला की दर वर्षी असा कागद लागतो आणि मग जूनपर्यंत कोर्टाला कुलूप. पण आज लोक कागदापुढनं हलेनात. कुणी बोट लावून वाचत होतं, कुणी पुढच्याला ढोसून विचारत होतं, "आमचं हाय का त्यात? बघा की नीट."

बनाबाईला वाचता येत नव्हतं. ती लिंबाखाली साहेबराव तात्यांकडे गेली. चाळीस वर्षं त्या एका लिंबाखाली बसून तात्या लोकांचे अर्ज लिहीत आलेले. कोर्टातले साहेब येतात, बदलून जातात. तात्या आणि लिंब तेवढे बदलत नाहीत, असं बारामतीत म्हणायचे.

"तात्या, काय हाय वं त्या कागदात?"

"शेरेवाडी हाय," तात्या चष्म्यावरनं बघत म्हणाले. "आन् अजून धा. अकरा गावं एक जूनपासनं इंदापूरच्या कोर्टाकडं. हितनं सुटली."

बनाबाई त्यांच्यापुढं बसली. तात्यांनी तिच्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला.

"त्यात घाबरायचं काय? हे काय पयल्यांदा हाय व्हय? माझा बाप सांगायचा, त्याच्या वक्ताला सगळा इंदापूर तालुका बारामतीच्या मुन्सफाकडं यायचा. भाकरी बांधायची, गाडी जुपायची, मुक्काम करायचा, तारीख घ्यायची आन् माघारी. नीरंच्या पल्याड फलटणच्या राजाचं राज्य, त्याचं कोर्टच येगळं. चोर हिकडं चोरी करायचा आन् नदी उतरून तिकडं निवांत तंबाकू मळत बसायचा. आमचा बेलीफ आल्याड उभा राहून शिव्या द्यायचा, शिव्यांना हद्द नसती. मग इंदापूरला कोर्ट झालं. पन तुमच्या वाडीला तिकडं जायला मधी वढा. पावसाळ्यात चार म्हैनं वाट बंद. म्हनून कुन्या साहेबानं नकाशावर पेन्सिल फिरवली आन् अकरा गावं हितं ठिवली. कचेरी इंदापूरची, कोर्ट बारामतीचं. आता वढ्यावर पूल झाला. झाला पूल, गेलं कोर्ट."

"आन् आमचा दावा?"

"ज्या दाव्यात साक्षी सुरू झाल्यात, ते हितंच राहायचे. बाकीचे गठ्ठे बांधून टेंपोत. तुझा कुठवर आलाय?"

बनाबाईनं तांब्या तोंडाला लावला. तिचा दावा सहा वर्षांत कुठवरच आला नव्हता.

बनाबाई अंथुर्ण्यात दिलेली. वय शेहेचाळीस, गांधीबाबा गेले त्या सालचा जन्म, एवढंच तिला ठाऊक. बाप शेरेवाडीचा बिरदेव, ज्याला ती आबा म्हणायची. बनाबाईला जन्म देऊन आई चौथ्या दिवशी गेली. तान्ह्या पोरीला मावशीनं सुप्याला नेलं, तिनंच वाढवलं, तिनंच लग्न करून दिलं. आबांनी दुसरी बायको केली, तिला रामहरी झाला. आबा सुप्याच्या बाजाराला आले की पोरीला खांद्यावर घेऊन बाजारभर हिंडवायचे आणि संध्याकाळी मावशीच्या दारात उतरवून जायचे. तिला घरी कधी नेलं नाही. सावत्र आईला नको असेल, किंवा त्यांचंच धाडस झालं नसेल. ते गेल्यावर बनाबाईनं इतकंच म्हटलं, सातबाऱ्यावर वारसांत माझं नाव लागू द्या. रामहरीनं तलाठ्याला अडवलं. दावा झाला, आणि रामहरीची कैफियत आली. त्यात एक ओळ होती: "वादी ही मयत बिरदेव यांची मुलगी नाही."

ती ओळ तिच्या वकिलांनी तिला वाचून दाखवली, तेव्हा तिनं ती पुन्हा वाचायला लावली. त्या दिवसापासनं जमीन बाजूला राहिली. रानातला वाटा मिळो न मिळो, ती ओळ खोटी पडली पाहिजे, एवढंच तिला हवं होतं. रामहरी सोसायटीचा संचालक. बनाबाई कुणाची लेक, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोर्टात येऊन सांगायचं म्हटलं की कुणालाच नव्हतं. राहिली एकटी साखरबाई. वाडीची जुनी सुईण. ऐंशीच्या पुढं गेलेली, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली, आता बारामतीत कसब्यात लेकाकडे खाटेवर असायची. सहा वर्षांत तिला दोनदा आणून संध्याकाळपर्यंत बसवलं, दोन्हीदा नंबर आला नाही. बाकीच्या तारखांना एकदा साहेबांची बदली. एकदा वकिलांचा संप. एकदा फाईलच सापडेना.

बनाबाईचे वकील बुद्धघोष म्हणजे तिशीतला पोरगा. घराण्यातला पहिला वकील. काळा कोट घातला की अजून खांदे ताठ करून चालायचा.

"मावशी, नीट ऐका," तो म्हणाला. "शुक्रवार हा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. शुक्रवारी साखरबाई पिंजऱ्यात उभी राहून शपथेवर बोलायला लागली, की दावा इथनं हलत नाही. नाही बोलली, तर फाईल इंदापूरला. तिथं नवा नंबर, नवी तारीख. आणि एवढ्या लांब एसटीचे दणके खात ती म्हातारी काही यायची नाही."

"न्हाई यायची," बनाबाई म्हणाली.

"मग शुक्रवारी तिला आणायची, काहीही करून."

साखरबाईची सून प्रयागबाई तोंडानं फटकळ. दारात बनाबाईला बघूनच ती म्हणाली, "आली का पुन्यांदा? आमची सासू म्हंजी काय पालखी हाय का, दर तारखेला मिरवायला?"

"एवढी एकडाव, प्रयागबाई. पाया पडते."

"पाया नगं पडू, माझं पाय दुखत्यात. दोन डाव नेली, दोन डाव ताप घिऊन आली. कोन निस्तरतंय मागनं?"

आतनं खाटेवरनं आवाज आला, "कोन हाय गं?"

"बना हाय, साखरमावशी. बिरदेवाची."

"तुझ्या लेकीचं दीस भरलं हुतं न्हवं?"

"झाली की बाळंत. नात झाली."

"दवाखान्यात?"

"दवाखान्यात."

"बरं झालं. आता दाया पगारी असत्यात," म्हातारी म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ने मला. हिचं नगं ऐकू."

प्रयागबाईनं कपाळाला हात लावला. "न्या. पन शुक्रवारी जे काय हाय ते उरका. परत न्हाई धाडायची मी."

शुक्रवारी पहाटे उठून बनाबाईनं नातीला न्हाऊ घातलं. एकोणीस दिवसांची पोर. पायावर पालथी घातली की तिचं सगळं अंग बनाबाईच्या पोटरीएवढं. टाळू भरताना बोटाखाली ती मऊ जागा धडधडत होती, आणि रोजच्यासारखाच बनाबाईच्या हाताचा वेग तिथं कमी झाला. लेक मोनाली भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून बसली होती. रात्रभर पोरीनं झोपू दिलं नव्हतं.

"आई, आज नको जाऊ ना," मोनाली म्हणाली. "सहा वर्षं जातीयस. काय झालं?"

"आजच्या दिवस जाते."

"दर वेळी असंच म्हणतीस."

बनाबाईनं पोरीला दुपट्यात गुंडाळून तिच्या मांडीवर दिलं, शेक-शेगडीचं शेजारच्या लीलाबाईला सांगितलं, आणि फडताळातनं एक पुडकं काढून पिशवीत घातलं. बुधवारी घेतलेलं हिरवं नऊवारी लुगडं, खण, नारळ. नातीच्या बारशाची तयारी करताना ते तिच्या मनात आलं होतं. पोर सुखरूप झाली की सुईणीची ओटी भरायची, तिला लुगडं नेसवायचं, हा रिवाज. आपल्या वेळी आईच गेली. रडारडीच्या घरात सुईणीचा मान कुणाच्या ध्यानात राहणार? ती म्हातारी आज आपल्यासाठी चार लोकांत उभी राहणार, आणि आपण तिला रिकाम्या हातानं नेणार? बनाबाईला ते बरोबर वाटेना. वकिलाला विचारावं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. ओटी भरायला वकिलाला काय विचारायचं?

साडेदहाला रिक्षा कोर्टाच्या दारात थांबली. प्रयागबाई आणि बनाबाईनं साखरबाईला दोन्ही बाजूंनी धरून व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. बनाबाईनं तिला कुंकू लावलं नाही, म्हातारी विधवा होती. पण पदरात ओंजळभर गहू घातले, नारळ ठेवला, खण ठेवला, आणि लुगड्याची घडी मोडून तिच्या खांद्यावरनं पांघरली. मग पायावर डोकं ठेवलं.

साखरबाईनं बोटांनी काठ चाचपला. "रुंद हाय गं काठ."

"आवडला का?"

"रंग कंचा?"

"हिरवा."

रामहरीचे वकील चहा पिऊन तिकडनंच येत होते. ते थांबले, सगळं नीट बघितलं आणि आत गेले. मागनं बुद्धघोष आला. त्याच्या हातातल्या फायली खाली घसरायच्या राहिल्या.

"मावशी! साक्षीदाराला लुगडं? कोर्टाच्या दारात? साक्षीच्या दिवशी?"

"सुईण हाय की ती."

"मला माहितीय सुईण आहे! माझी आजी चतुराबाईपण सुईणच होती. पण तिकडं त्यांचा वकील काय म्हणणार ते मलाच माहितीय." तो बाकाच्या टोकाला बसला. त्याला बोलावं तितकं थोडं वाटत होतं, आणि बनाबाईचं तोंड बघून बोलवत नव्हतं. "आता काढू नका. काढलं तर अजून वाईट दिसेल."

दिवस गेला. बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं. सुट्टी लागणार म्हणून सगळ्यांना आजच सगळं हवं होतं. अकरा वाजता वीज गेली आणि आतला पंखा थांबला. साखरबाईला दोनदा लघवीला न्यावं लागलं. कोर्टाच्या मागं, भिंतीच्या आडोशाला, बनाबाई तिला काखेत धरून उभी. घरनं आणलेली भाकरी म्हातारीला पाण्यात बुडवून भरवली. दुपारी ती बाकावरच आडवी झाली आणि लुगडं तोंडावर ओढून झोपली. बनाबाई पट्टेवाल्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या गुडघ्यांत कळ होती, कमरेत कळ होती, आणि डोक्यात काहीच नव्हतं. सहा वर्षांत ती या बाकावर इतकी बसली होती, की कुठली फळी टोचते हे तिला बसायच्या आधी कळायचं.

पावणेपाचला पुकारा झाला.

रामहरीचे वकील आधीच उभे राहिले. "साहेब, माझे अशील आज आजारी आहेत. उलटतपासाला मला त्यांच्या सूचना लागतील. तारीख मिळावी, ही विनंती."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. तेही दिवसभर घामानं भिजले होते. 'द्या तारीख' एवढे दोनच शब्द बोलायचा अवकाश होता. तेवढ्यात पट्टेवाल्यानं दारातनं रिवाजाप्रमाणं दुसरा पुकारा केला, "रामहरी बिरदेव हाजिर हाय काऽऽ?"

मागच्या बाकावर पेंगत बसलेला रामहरी दचकून ताडकन उठला. "हजर! हजर हाय साहेब!"

सगळं कोर्ट हसलं. साहेबांनी पेन उघडलं.

"अशील बरे झालेले दिसतात. घ्या साक्षीदार."

साखरबाईला पिंजऱ्यात खुर्ची दिली. तिनं शपथ घेतली, नाव सांगितलं, आणि टंकलेखनाचं यंत्र खडखडायला लागलं. बनाबाईनं डोळे मिटले. म्हणजे सुरू झालं. आता जात नाही फाईल.

बुद्धघोषनं विचारलं, "ही वादी बनाबाई. तुम्ही हिला ओळखता?"

"डोळ्यानं न्हाई दिसत. आवाजानं वळकते. आयसारखाच हाय."

"हिचा जन्म कुठं झाला?"

"शेरेवाडीला, बिरदेवाच्या घरी. माझ्या हातावर."

एवढंच विचारून तो बसला. रामहरीचे वकील सावकाश पुढं आले.

"आजी, आज सकाळी वादीनं तुम्हाला लुगडं दिलं. खरं?"

"व्हय. हे काय, अंगावर हाय."

"नारळ, खण?"

"व्हय, आन् गहू."

"म्हणून तुम्ही साक्षीला आलात."

"न्हाई, रिक्षातनं आले."

पुन्हा हशा पिकला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, टंकलेखकानं टाइप केलं: साक्षीच्या दिवशी वादीकडून लुगडं मिळाल्याचं साक्षीदार कबूल करते. बनाबाईला शब्द नीट कळले नाहीत, पण वकिलाचा चेहरा कळला. आपल्याच हातानं आपण काहीतरी करून ठेवलं, हे तिला आता कळलं. सकाळपासनं म्हातारीच्या अंगावर ते हिरवं लुगडं बघून तिला जे समाधान वाटत होतं, ते तिथल्या तिथं जळून गेलं.

बुद्धघोष फेरतपासाला उठला. तो म्हणाला, "आजी, लुगडं कशाचं?"

"सुईणीचा मान असतुया," साखरबाई म्हणाली. "पोर जगली की द्यायचा. हिची आय चौथ्या दिशी गेली. रडत्या घरात मान कोन मागतंय? मी मुकाट उठून आले. आज दिला हिनं."

"दुसऱ्या कुणी दिलाय का कधी, त्या घरातनं?"

"दिला की. ह्या रामहरीच्या आयनं. पिवळं हुतं, बारीक काठाचं. ह्यालाबी मीच बाहेर काढला, पायाळू हुता मेला." रामहरी मान खाली घालून बसला होता. "त्याची नाळ-वार मी न्हाणीच्या दगडाखाली पुरली, डाव्या अंगाला. उजव्या अंगाला जागा नव्हती. तितं हिची हुती. हिच्या वारेचा खड्डा बिरदेवानं सोता खांदला. बायको आत निपचित पडल्याली. खांदत हुता आन् रडत हुता. मी म्हनलं, लेका, पोर जिती हाय, रडू नगं."

यंत्र थांबलं होतं. साहेबांनी मान वर केली. "न्हाणी कुठल्या तालुक्याच्या हद्दीत? सांगा, नोंदीला लागेल."

"त्ये तुमी ठरवा, साहेब. मला न्हाणीपुरतं ठावं."

साहेबांनी ते सगळं, खड्ड्यापासनं दगडापर्यंत, शब्दाला शब्द सांगून टाइप करून घेतलं. साखरबाईचा अंगठा घेतला. साडेपाच वाजून गेले होते.

"पुरावा सुरू झालेला आहे. दावा याच कोर्टात राहील. पुढची तारीख वीस जून."

बाहेर बुद्धघोष घाम पुसत म्हणाला, "राहिला एकदाचा इथं. पण मावशी, लुगडं कागदावर आलंय. निकालात ते बोलणार. वार पण बोलेल. कोण जास्त बोलतं, बघू."

"कवा?"

"निकाल? वर्ष. दोन वर्षं. आता त्यांच्या बाजूचे साक्षीदार." त्यानं तिच्याकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "जा मावशी, घरी जा. बाळ आहे ना घरी."

साखरबाईला रिक्षात बसवलं. प्रयागबाई सासूच्या पायावरचं लुगडं नीट करत राहिली.

अंथुर्ण्याकडची गाडी फलाटाला लागलेली होती, भरलेली. बनाबाई दांड्याला धरून आत सरकली. मधल्या बाकावर खिडकीशी रामहरी बसला होता, शेजारी त्याचा टॉवेल. तिनं बघून न बघितल्यासारखं केलं आणि उभी राहिली. गाडी सुटली. पहिल्याच वळणाला तिचा तोल गेला.

रामहरीनं टॉवेल उचलला. "बस, आक्का."

ती उभीच.

"बस की. पाय सुजल्यात तुझं."

ती बसली. राग आला होता का, ते तिला कळेना. रागालाही अंगात थोडी ताकद लागते. उसाच्या रानांमधनं गाडी हेंदकाळत चालली होती.

"हे कोर्टात म्हनशील का?" तिनं विचारलं.

"काय?"

"आक्का."

"कोर्टात वकील म्हनंल ते," रामहरी म्हणाला. "इंदापूरला गेला असता दावा तर बरं झालं असतं. मला सोपं पडलं असतं."

"मला नसतं पडलं."

"व्हय. तुझी सुईण हितं." मग तो हळूच म्हणाला, "चार दिसांतच गेली व्हय गं तुझी आय? मला कुणी सांगितलं न्हाई कवा. आन् आबा रडत हुते म्हनली ती. मी कदी बघितलं न्हाई त्यास्नी रडताना."

"मीबी न्हाई."

कंडक्टर आला. बनाबाईनं कमरेचा बटवा चाचपला, तोवर रामहरीनं नोट पुढं केली होती. "एक शेरेवाडी फाटा, एक अंथुर्णे."

"बरोबर हायसा का दोघं?" कंडक्टरनं तिकिटं फाडत विचारलं.

"व्हय."

तिनं सुटे पैसे काढले आणि त्याच्या मांडीवर ठेवले. त्यानं ते घेतले नाहीत, परतही दिले नाहीत. ते तसेच राहिले. वीस जूनला हा पुन्हा त्याच्या वकिलाच्या मागं जाऊन बसेल, आणि आपण समोर, हे तिला दिसत होतं. पण वीस जूनला अवकाश होता. मोनालीनं काही खाल्लं असेल का, पोरगी झोपली असेल का, याचा विचार करता करता बनाबाईचे डोळे मिटले. गाडी आदळली की तिचं डोकं त्याच्या खांद्याला लागत होतं. फाट्यावर उतरेपर्यंत रामहरीनं खांदा काढून घेतला नाही.